फरशीखाली गेलेलं अर्थिंग

मुलगा दोन वर्षांसाठी परदेशी गेला आणि जाताना त्याची गाडी आमच्या दारात लावून गेला. पेट्रोलवर चालते आणि घरच्या प्लगला लावून चार्जही करता येते, अशी ती गाडी. नांदेडात मी तोवर तशी पाहिली नव्हती, आमच्या कॉलनीत तर नाहीच नाही. तिचा माझ्या नवऱ्यावर जो परिणाम झाला तो मी अजून विसरलेले नाही. साठी ओलांडलेला, बँकेतून सन्मानानं निवृत्त झालेला, चारचौघांत मोजून बोलणारा माणूस. गाडी आली आणि हे फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायला लागले. फिरायला निघालेल्या प्रत्येकाला थांबवायचे, गाडी सुरू करायला मला आतून बोलवायचे, आणि लोकांना म्हणायचे, ऐका, काही ऐकू येतं का? लोक बिचारे कान देऊन उभे राहायचे. काहीच ऐकू येत नाही म्हणून कौतुक करायचे. मी पदराला हात पुसत पुन्हा स्वयंपाकघरात जायचे.

गाडी चालवायची मी. यांना चालवता येत नाही. तरुणपणी शिकायला गेले होते, शिकवणाऱ्याशी भांडून तिसऱ्या दिवशी परत आले. मुलानं जाण्याआधी दोन दिवस मला शेजारी बसवून सगळं समजावलं आणि मी ते वहीत लिहून घेतलं, कारण इतकी वर्षं पोरांना लिहून घ्यायला लावल्यावर आपल्यालाही तीच सवय लागते. बटण दाबलं की गाडी सुरू होते, पण आवाज होत नाही. फक्त समोर हिरवी अक्षरं उमटतात. सुरू झाली नाही असं वाटून पुन्हा दाबलं की ती बंद होते. याच्या उलटं जास्त वाईट. बंद आहे असं समजून आपण उतरतो आणि ती सुरूच असते, कुणाचा पाय पडला तर जागेवरून उडी घेते. म्हणून उतरण्याआधी समोरच्या अक्षरांकडे बघायचंच. हळू चालताना ती बॅटरीवर असते, तेव्हा पुढच्याला आपण मागं आहोत हे कळत नाही, असंच धरून चालायचं. बॅटरी संपली की इंजिन आपोआप लागतं, दचकायचं नाही. बॉनेटखालच्या नारिंगी जाड वायरला आपण हात लावायचा नाही आणि गावातल्या मेकॅनिकलाही लावू द्यायचा नाही. शेवटी त्यानं तीनदा सांगितलं, की आई, चार्जिंग फक्त अर्थिंग असलेल्या प्लगवर. मला जरा रागच आला. मी एकतीस वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. अर्थिंग मला सांगावं लागतं?

मुलगा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी यांनी गाडीची पूजा ठेवली. नारळ, चाकांखाली लिंबं, हार, सगळं रीतसर. त्याला माझी हरकत नव्हती. पण नणंदबाईंनी विचारलं की गाडीचं तोंड कुठलं, आणि यांनी मोठ्या ऐटीत चार्जिंगचं झाकण उघडून दाखवलं. इथूनच खाते ही, म्हणाले. नणंदबाईंनी मग ओलं हळदकुंकू त्या भोकांतच लावलं आणि वर अक्षता वाहिल्या. मी देवघरातून बाहेर येईपर्यंत होऊन गेलं होतं. सगळे टाळ्या वाजवत होते. मी आख्खी दुपार गाडी बंद करून, जुना कोरडा ब्रश आणि काडीला गुंडाळलेला कापूस घेऊन ती भोकं साफ करत बसले. तांदळाचा एक दाणा दोन दिवस निघाला नाही. हे आत पाहुण्यांना पेढे देत होते.

पूजेनंतर तिसऱ्या दिवशी प्लग लावला आणि चार्जरच्या डबीवर लाल दिवा लागला. मुलाला फोनवर दाखवलं. तो म्हणाला, आपल्या प्लगला अर्थिंग मिळत नाही, मिस्त्रींना बोलवा.

मिस्त्री म्हणजे आमच्या घराची पहिली वायर ज्यांनी ओढली ते. त्यांचं सगळं घरच या धंद्यात, वडील निजामाच्या काळात गावात दिवाबत्तीची कामं करायचे असं ते सांगायचे. आता वय झालंय, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण हात तसाच. त्यांनी पिशवीतून होल्डरला लावलेला बल्ब काढला, एक टोक फेजला, म्हणजे करंट येणाऱ्या तारेला, एक अर्थिंगला. बल्ब लागला नाही. त्यांनी मान वर करून मला विचारलं, "बाई, नळाजवळ अर्थिंगचा खड्डा भरला हुता मी. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी. कुठं गेला?"

खड्डा फरशीखाली गेला होता. तीन वर्षांपूर्वी यांना पुण्याच्या कुठल्या बंगल्यासारखं अंगण हवं झालं. काळी चकचकीत फरशी कुंपणापासून पायरीपर्यंत घातली. नळाजवळचं ते सिमेंटचं चौकोनी झाकण मोरीसारखं दिसतं म्हणून तेही झाकून टाकलं. त्याआधी दर उन्हाळ्यात मी त्या खड्ड्यात रोज एक बादली पाणी ओतायचे, कारण माती सुकली की अर्थिंगचा उपयोग नसतो. तेव्हा मी म्हणाले होते, तेवढा चौकोन मोकळा ठेवा. हे म्हणाले, दिसतं कसं ते. मी बादली उचलून आत ठेवली. फरशी घालणाऱ्यानं मधे येणारी पट्टीही कापली असणार, असं मिस्त्रींचं मत पडलं.

त्यांनी सांगितलं ते सरळ होतं. दोन फरशा फोडायच्या, नवा खड्डा भरायचा, दोन दिवसांचं काम. यांचा चेहरा पडला. ही फरशी आता मिळत नाही, ठिगळ दिसेल. मग यांनी आवाज खाली करून मिस्त्रींना विचारलं की दुसरा काही मार्ग असतो म्हणतात, आतल्या आत वायर जोडायचा. मिस्त्री पिशवी आवरायला लागले. "ते काम मी करत न्हाई साहेब. फरशी फोडू द्या, न्हाईतर मला जाऊ द्या," म्हणाले, आणि चहा न घेता गेले. मला त्यांच्या पाठीकडे बघवेना.

संध्याकाळी यांनी दुसरा वायरमन आणला. गुटखा तोंडात, पाय दारात न टाकताच म्हणाला, होऊन जाईल. प्लगची पेटी उघडून त्यानं बोटभर वायरचा तुकडा काढला, एक टोक न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेला लावलं, दुसरं अर्थिंगच्या भोकाला, आणि पेटी बंद केली. दिवा हिरवा. एवढंच काम.

मी तिथंच उभी होते. हे चित्र मी फळ्यावर किती वेळा काढलंय याची गणती नाही. तीन रेघा, तिसरी जमिनीत जाणारी. ती जमिनीत न नेता दुसऱ्या रेघेला जोडली तर काय होतं, हा परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. न्यूट्रलवर विजेचा जेवढा दाब असेल तेवढा गाडीच्या पत्र्यावर येतो. आणि खांबावर न्यूट्रलची तार तुटली तर आख्खी गाडी जिवंत तार होते, चार्जरला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याला आपण आधीच फसवलेलं असतं. घरातली करंटची गळती पकडणारा स्विचही यांनीच पूर्वी काढून टाकला होता. तो सारखा पडतो, सिरियल मधेच जाते म्हणून. मी यांना म्हणाले, हे बरोबर नाही. हे म्हणाले, तुझं पुस्तकातलं ज्ञान बंद कर, सगळं गाव असंच करून राहिलं. वायरमन हसला. मी आत जाऊन कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी लातूरला जायचं होतं, दिरांकडे. म्हणजे गाडी दाखवायला. यांनी गाडीत बसल्या बसल्या फर्मान काढलं की पेट्रोल वापरायचं नाही. त्या बॅटरीत चाळीसेक किलोमीटरपेक्षा जास्त दम नाही आणि लातूर त्याच्या तिपटीहून लांब, हे मी सांगितलं. यांनी मान फिरवली. लोह्याच्या अलीकडे इंजिन लागलं तेव्हा हे असे रागावले की मीच काहीतरी दाबलं. मग पुढचा अर्धा तास मोबाइलवर बोलून राहिले, पलीकडच्या प्रत्येकाला सांगत की आम्ही करंटवर निघालोय.

अहमदपूरला बाजाराचा दिवस. गर्दीत गाडी हळू केली, ब्रेक लावत लावत थोडी चार्ज झाली होती म्हणून ती पुन्हा बॅटरीवर आली, आवाज बंद. पुढं एक म्हातारा सायकल हातात धरून चालला होता, कॅरिअरवर ज्वारीचं पोतं. त्याला आम्ही मागं आहोत हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. मी पाय ब्रेकवर ठेवून त्याच्या पाठीकडे बघत सावकाश येत होते. तो बाजूला होईल तेव्हा होईल. यांना तेवढा धीर नाही. शेजारून हात घालून यांनी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. म्हातारा दचकला, सायकल पडली, पोतं फुटलं. हे काच खाली करून म्हणाले, कान फुटले का रे? तो वाकून आमच्या गाडीकडे बघत होता. म्हणाला, "आवाज तर करावा की मालक."

मी गाडी बंद केली, समोरची अक्षरं गेलेली बघितली आणि उतरले. त्याच्याबरोबर ज्वारी भरू लागले. रस्त्यावरची, धुळीतली, शेणातली. हे काच वर करून एसीत बसले. लोक बघत होते म्हणून मला लाज वाटली असं नाही. मला या माणसाची किळस आली, आणि किळस आल्याचं आश्चर्यही वाटलं नाही, याचं वाईट वाटलं. गाडीत परत बसले तेव्हा हे म्हणाले, कपडे खराब केलेस, आता भावाकडे अशीच जाणार का?

लातूरला दिरांच्या ओसरीत प्लग होता. तिथं लावला आणि दिवा हिरवा झाला, काही न जोडता. जाऊबाई दर उन्हाळ्यात आपल्या खड्ड्यात पाणी ओततात. हे सगळ्यांना म्हणाले, बघा, आमच्याकडं बी असाच हिरवा लागतो. दोन्ही हिरवे अगदी सारखेच, फरक डोळ्यांना दिसत नाही. मी तिथंच ठरवलं की नांदेडला गेल्यावर पहिल्यांदा तो वायरचा तुकडा काढायचा.

नाही काढला. खरं सांगायचं तर घरात शांतता होती आणि मला त्या शांततेची चटक लागली होती. तो तुकडा काढला की दिवा लाल, मग फरशी, मग भांडण, मग नणंदबाईंचे फोन. आज बघू, उद्या बघू करत दिवस गेले. मुलाचा फोन यायचा, चार्जिंग नीट होतंय ना? मी म्हणायचे, हो.

यांनी चार्जिंगची वेळ सकाळी सहाची ठरवली होती. रात्री लावायला हरकत नव्हती, पण रात्री तो हिरवा दिवा बघायला रस्त्यावर कोण असतं? सकाळी फिरायला जाणारे असतात. आणि सातला कामवाली मावशी यायची. मावशी भोकरकडची, इथं बहिणीजवळ खोली करून राहते. आधी भांडी, मग झाडणं, मग नळाला पाइप लावून अंगण धुणं, आणि गाडी आल्यापासून गाडीही. गाडी पुसण्याचं काम यांनी तिला सांगितलं, मी नाही. चाकांची चकाकी यांना फार प्रिय. प्रत्येक चाकाजवळ बसून, नट न नट फडक्यानं पुसायला लावायचे, आणि स्वतः खुर्चीवर पेपर.

एका सकाळी मी दूध तापवत होते. मावशी मागच्या दारात येऊन उभी राहिली. हातात ओलं फडकं. काही फुटलं की ती अशी उभी राहायची.

"बाई, गाडी चावते," म्हणाली.

मी गॅस बंद केला. विचारलं, कुठं चावते?

"चाकाच्या नटाला हात लावला की मुंग्या येतात. मागच्या नळकांड्याला बी. आज कोपरापतुर आल्या."

कपाटातून मल्टीमीटर काढला. निवृत्तीच्या वेळी लॅबच्या मुलांनी दिलेला, कधी लागला नव्हता. बाहेर आले. गाडी प्लगला लागलेली, दिवा हिरवागार. एक टोक नटाला लावलं आणि दुसरं नळाच्या लोखंडी पाइपाला, जो थेट जमिनीत गेलाय. आकडा चाळीसच्या मागं-पुढं नाचत होता. मे महिना, प्रत्येक घरात कूलर, न्यूट्रलवर सगळ्या गल्लीचा भार. तो भार आमच्या गाडीच्या चाकांवर उतरला होता आणि ती चाकं मावशी पुसत होती.

यांना आकडा दाखवला. चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, चाळीस व्होल्टनं कुणी मरतं का? मी म्हणाले, आज चाळीस. मागच्या जूनमध्ये वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली होती, समोरच्या घरातला टीव्ही आणि फ्रिज जळाला, तुम्हीच तर बघायला गेला होतात. तसं पुन्हा झालं की इथं दोनशे तीस. त्या वेळी हिचा हात चाकावर असला तर हात सुटायचा नाही.

यांनी चष्मा काढून हातात घेतला. मला वाटलं, आता कळलं. आणि हे म्हणाले, "मग तिला सांग, चपला घालून धुवायचं. तेवढ्यासाठी काय फरशी फोडायची?"

मावशी मागून हळूच म्हणाली, "साहेब म्हणले हुते चपल घाल म्हणून. माझी चपल पाण्यात घसरते, बाई."

मी वळले. विचारलं, कधी म्हणाले?

"आठ दिस झाले. पहिल्यांदा चावली तवाच मी त्यांना सांगितलं. म्हणले, बाईंना नको सांगू, त्या फरशी फोडायला लावतील."

यांनी पेपर उचलला. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांच्यावर चिडले, रुसले, माहेरी जाऊन बसले. पण त्या क्षणी जे वाटलं ते यातलं काही नव्हतं. या माणसाला आठ दिवस माहीत होतं. आठ दिवस हा खुर्चीवर बसून तिला नट पुसायला सांगत होता, आणि एक नट राहिला म्हणून हाकही मारत होता.

मी म्हणाले, "चपला काढा. इथं ओल्यात उभं राहा आणि त्या नटाला हात लावा."

हे म्हणाले, तमाशा करू नको, लोक बघून राहिले. खरंच दोघेजण फाटकाशी थांबले होते, हिरवा दिवा बघायला. यांनी चपला काढल्या नाहीत. नटाकडे बघितलंसुद्धा नाही. मी भिंतीशी गेले, स्विच बंद केला आणि प्लग ओढून काढला. मावशीला म्हणाले, आजपासून गाडी पुसायची नाही. ती घाबरली. तिला वाटलं, काम गेलं. उद्यापासून येऊ का नको, विचारू लागली. तिची समजूत घालायला मला वेळ लागला.

मिस्त्री दुपारी आले. मी फोनवर एवढंच म्हणाले होते की पहार घेऊन या. दोन फरशा फुटल्या, खड्डा झाला, मीठ-कोळसा पडला, तांब्याची नवी पट्टी गेली. तो वायरचा तुकडा मिस्त्रींनी काढून माझ्या हातात दिला. हे खोलीचं दार लावून बसले होते आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. अंगणात आता एक सिमेंटचा चौकोन आहे, मोरीसारखा दिसतो, आणि मी त्यात रोज पाणी ओतते. दिवा हिरवा लागतो. हे त्याच्याकडे बघत नाहीत.

ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली आहे. बहिणीला, कॉलेजातल्या जुन्या मैत्रिणींना, मुलाला तर सगळ्यात आधी. सगळे यांना नावं ठेवतात आणि माझं कौतुक करतात, की बरं झालं बाई, तू शिकलेली होतीस. त्यातली एक गोष्ट मी कुणाला सांगत नाही. प्लग ओढून हातात आला तेव्हा माझी नजर खाली गेली. सगळा जन्म मी स्वतःच्या अंगणात अनवाणी वावरले आहे, तुळशीला पाणी घालायला, रांगोळी काढायला, भर उन्हातही. आणि लातूरहून आल्यापासून गाडीजवळ जाताना मी दरवेळी न्हाणीघरातली रबरी स्लिपर घालून जात होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पायांनी आपलं आपण ठरवून टाकलं होतं.

यांच्या पायांत चपला होत्या, माझ्या पायांत स्लिपर. त्या ओल्या फरशीवर तिघांत अनवाणी होती ती एकटी मावशी.